तडजोडीची रक्कम

एक्स-रेच्या खोलीत नेटवर्कच्या दोनच दांड्या,
पण दार आतून लागतं.
शिशाचा एप्रन अंगावर ओढून मी फोन उचलते.
किरणं अडतात म्हणे त्याने.
तय्यबसाहेबांचा आवाज अडत नाही.

"हेमांगी बाजी, अडतीस हजार छे सौ."
"नऊ," मी म्हणते.
ते हसतात.
गेल्या वर्षी असा आकडा ऐकून मीही हसले असते.
तेव्हा मी रडत बोलायचे.
रडण्यासाठी बँकेच्या संगणकात रकाना नाही
हे कळायला सात महिने लागले,
आणि सात महिन्यांचं व्याज.

अल कुसैसच्या खोलीत माझ्या वरच्या खाटेवर रोशेल झोपते,
दोन कार्डं मिटवून बसलेली.
ती म्हणाली, महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत बोल,
टार्गेट त्यांच्याही मानेवर असतं.
आधी पत्र, मग पैसे.
आणि आकडा सांगितलास की गप्प राहा.

गप्प राहणं जमतं मला.
दिवसभर माणसं माझ्यासमोर आ वासून बसतात,
नळी तोंडात, डोळे छताला,
आणि डॉक्टर विचारतात, सुट्टीला कुठे गेला होता?

"सत्ताईस."
गप्प.

या गप्पपणात मला सगळी यादी दिसते:
अजमानला दिराने काढलेलं चहाचं दुकान, त्याचा फ्रीज,
सहा डझन काचेचे ग्लास,
पाटीवर 'कडक' लिहायचं की 'करक' यावरून झालेलं भांडण,
आणि पाटी, जिचे पैसे दोनदा गेले.
मग एक तिकीट, दुबई ते पुणे.
"जातो म्हणू नये," असं मीच सांगायचे दारात,
म्हणून अनिकेत "येतो" म्हणाला.
तिकीट एकेरी होतं.
माझ्याच कार्डावर.

पाटल्या मी परवाच देऊन आले देऱ्याला.
सोनाराने आतली लाख उकरून काढली,
काट्याजवळ तिची वेगळी ढेपळी ठेवली
आणि विचारलं, ही नेणार का?
नेली. पर्समध्ये आहे.
सोन्याचे तेवढ्यात चौदा हजार दोनशे झाले.
ही गोष्ट तय्यबसाहेबांना सांगायची नाही.

"बाजी, सतरा. इससे नीचे मेरी कुर्सी जाएगी."
'कुर्सी' म्हणताना ते अडखळतात.
आठवडाभर ऐकतेय मी,
शब्द सगळे डाव्या गालाने चावून येतात.
"साहेब, उजवी, खालची? शेवटून दुसरी?"

आता गप्प ते.

"आपको कैसे पता?"
"लवंगेची वेळ गेलीय. रूट कॅनॉल लागेल."
"कितने का पड़ेगा?"
मी दर सांगते.
खूप वेळाने, अगदी हळू,
"कुछ कम?"

हा कॉल रेकॉर्ड होतो, असं सुरुवातीलाच सांगतात.
कुणी ऐकत असेल तर त्याने ऐकावं:
त्या माणसाकडेही तीन कार्डं आहेत,
मुलतानला बहिणीचं घर अर्ध्यावर आहे,
आणि आमच्याकडे हप्त्यांची सोय आहे, हे मी त्याला सांगितलं.
चौदा हजार दोनशे. एकरकमी.
पत्र आधी.

पत्र आलं, अरबीत आणि इंग्रजीत.
अरबीत 'च' नाही, 'ग'ही धड नाही,
म्हणून हेमांगी चोगले नाही,
कुणी हिमानजी शोगली कर्जातून मुक्त झाली.
भली बाई असेल. तिचं अभिनंदन.

सोबत माझा जुना कोरा चेक परत आला,
नऊ वर्षांपूर्वी तारण म्हणून दिलेला.
त्यावरची सही बघत बसले.
शेवटच्या 'ले'ची शेपटी केवढी लांब,
कागद संपेपर्यंत गेलेली.
अशी सही मी करायचे?

शुक्रवारी अकराला तय्यबसाहेबांची अपॉइंटमेंट आहे.
फॉर्मवर त्यांना सही करावी लागेल.
मी पेन पुढे करीन
आणि वाचून घ्या म्हणेन, सगळं.